उंबरठ्याच्या आतला कारखाना : पालघरचे घरगुती व्यवसाय आणि विमासंरक्षणाचा इतिहास

पालघरचा किनारा आणि त्यामागचा डोंगराळ पट्टा यांच्या आर्थिक इतिहासात घर ही एकाच वेळी निवासाची आणि उत्पादनाची जागा राहिली आहे. चिंचणी, वरोर, वाणगाव, तारापूर या गावांत सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लागणारे पोलादी साचे, ज्यांना तेथे ‘डाय’ म्हणतात, ते घराच्या पडवीत बसून कोरले जातात. सातपाटी, मुरबे, दांडी, उच्छेळी, नवापूर येथे कोळी घरांच्या आसपासच बोंबील आणि जवळा सुकवला जातो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली कुटुंबे घरातच कागदावर व कापडावर चित्रे रंगवतात. आणि तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यानंतर बोईसरच्या चाळींतील कामगारांच्या गरजांवर डबे, खानावळी व शिवणकाम करणारी घरेही उभी राहिली. या सर्व व्यवसायांचे भांडवल घरातच असते आणि घरावर येणारी आग, वादळ किंवा भूकंप हेच त्या भांडवलावरचेही संकट असते. तरीही विम्याच्या करारांनी दीर्घकाळ घर आणि उद्योग या दोन वेगळ्या वस्तू मानल्या, आणि ज्यांच्या बाबतीत त्या एकच होत्या त्या कारागिरांची मालमत्ता दोन्ही करारांच्या बाहेर राहिली. ही फट कशी निर्माण झाली, ती किती बुजली आणि किती उरली, हे समजून घेतल्याशिवाय या भागातील घरगुती उद्योगांच्या असुरक्षिततेचा उलगडा होत नाही.

जोखीम वाटून घेण्याची कल्पना पश्चिम किनाऱ्याला नवी नव्हती. येथील सावकारी व्यवहारात ‘जोखमी हुंडी’ हा प्रकार प्रचलित होता. गलबतावर माल चढवणारा व्यापारी ही हुंडी लिहून सावकाराकडून रक्कम उचलत असे. माल मुक्कामी सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे सावकाराला वसूल करता येत, आणि गलबत बुडाले तर ते नुकसान सावकाराने सोसावे असा करार असे. कर्ज आणि विमा यांची ही एकत्र गुंफण होती. मात्र तिचा विषय वाटेवरचा माल हा होता. कोरणाऱ्याची छिन्नी, विणणाऱ्याचे जाळे किंवा घरात साठवलेली सुकी मासळी तिच्या कक्षेत येत नव्हती. अशा घरगुती नुकसानीवर उपाय म्हणजे नातेवाईक, जात-बिरादरी, ज्याच्यासाठी काम करायचे त्या पेढीवाल्याची उचल आणि शेवटी सावकार, असा क्रम असे, आणि या क्रमात नुकसानभरपाईचे रूपांतर बहुधा नव्या कर्जात होत असे.

आधुनिक विमाही प्रथम बंदर, गोदाम आणि गिरणी यांच्याकडे वळला. १८५० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेली ट्रायटन इन्शुरन्स ही भारतातील पहिली सर्वसाधारण विमा कंपनी मानली जाते. सर्वसाधारण विमा म्हणजे आयुर्विम्याखेरीज आग, सागरी वाहतूक, अपघात इत्यादींचा विमा. १९०७ मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या कंपन्या सुरू झाल्या. १८६० च्या दशकात मुंबईहून गुजरातकडे गेलेल्या रेल्वेने पालघर-डहाणूची गावे मुंबईच्या बाजाराला जोडली, तरी विमा कंपन्यांचा व्यवहार त्या बाजारातील व्यापाऱ्याशी होता, त्याला माल पुरवणाऱ्या घराशी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात सरकारने स्वतः युद्धजोखमीचा विमा सुरू केला तेव्हाही हेच वर्गीकरण दिसते : १९४० चा वटहुकूम व्यापाऱ्यांच्या मालासाठी होता, तर १९४२ चा कारखान्यांसाठी. दुकान आणि कारखाना या दोन्ही चौकटींत न बसणारे काम करणारे घर धोरणकर्त्यांच्या डोळ्यांसमोरच नव्हते.

स्वातंत्र्योत्तर काळात या वर्गीकरणाला कायद्याचे बळ मिळाले. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटी ही वैधानिक संस्था अस्तित्वात आली. टॅरिफ म्हणजे कोणत्या जोखमीला किती विमाहप्ता आणि कोणत्या अटी लावायच्या याचे सर्व कंपन्यांवर बंधनकारक असलेले दरपत्रक. त्यानंतर १९७२ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यानुसार १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उरल्या. अग्निविम्याच्या दरपत्रकात राहती घरे, कार्यालये व दुकाने हा एक गट होता, उत्पादन करणारे कारखाने हा दुसरा आणि कारखान्यापासून वेगळी असलेली साठवणुकीची ठिकाणे हा तिसरा. घरासाठीचा दर सर्वांत सौम्य होता, कारण घरात भट्टी, ज्वालाग्राही द्रव किंवा विक्रीचा साठा नसतो असे गृहीत धरलेले होते.

या गृहीतकाचे परिणाम कराराच्या दोन तत्त्वांतून उमटत. पहिले तत्त्व परम विश्वासाचे : विमा घेणाऱ्याने जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपणहून सांगितली पाहिजे, अन्यथा करार रद्द होऊ शकतो. दुसरे तत्त्व वापराच्या बदलाचे : इमारतीचा वापर किंवा तेथे चालणारा धंदा नुकसानीची शक्यता वाढेल अशा रीतीने बदलला आणि कंपनीची संमती घेतली नाही, तर त्या मालमत्तेपुरते संरक्षण संपुष्टात येते. राहते घर म्हणून विमा उतरवलेल्या जागेत पोलाद तापवण्याची भट्टी बसवणाऱ्या किंवा दररोज मोठ्या संख्येने डबे करण्यासाठी गॅसच्या अनेक टाक्या ठेवणाऱ्या कुटुंबाला ही अट माहीत नसेल, तर नियमित हप्ता भरूनही आगीनंतर त्याच्या हाती काही न लागण्याचा धोका होता. उलट, खरे सांगून उद्योगाची पॉलिसी मागितली तर घर कारखान्याच्या गटात जाई आणि भिंती कुडाच्या, छप्पर गवताचे किंवा झावळ्यांचे असेल तर ‘कच्चे बांधकाम’ म्हणून दर आणखी वाढे.

याहूनही अधिक खोल अडचण वगळलेल्या वस्तूंच्या यादीत होती. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या जुन्या प्रमाणित अग्निविमा करारात, पॉलिसीत स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज ज्यांना संरक्षण मिळत नाही अशा वस्तूंची गणना असे : दुसऱ्याच्या मालकीचा, विश्वासाने किंवा दलालीवर ठेवलेला माल, सोन्याची लगड व न जडवलेली रत्ने, ठरावीक मर्यादेपलीकडच्या कलाकृती, हस्तलिखिते, आराखडे, नमुने आणि साचे, रोख रक्कम व हिशेबाची पुस्तके. लंडनच्या व्यापारी जगात ही यादी समजण्यासारखी होती, कारण अशा वस्तूंचे मूल्य ठरवणे कठीण असते आणि त्यांचा वेगळा, नेमका विमा काढणे शक्य असते. परंतु पालघरच्या घरगुती व्यवसायांवर ती ठेवून पाहिली तर जवळजवळ प्रत्येक व्यवसायाचा गाभाच तिच्यात सापडतो, आणि या प्रदेशाच्या संदर्भात ही गोष्ट सर्वांत गंभीर ठरते.

डायमेकिंगचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डायमेकर पोलादाच्या तुकड्यावर छिन्नी-हातोडीने आणि बारीक हत्यारांनी नक्षी कोरतो, कानशीने ती साफ करतो आणि मग पोलाद तापवून त्याला पाणी देतो, म्हणजे ते कठीण करतो. या साच्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी पत्र्यावर उमटते आणि एकाच साच्यातून दागिन्याचे असंख्य भाग निघतात. या उद्योगातील भांडवल म्हणजे यंत्रांपेक्षा अधिक, वर्षानुवर्षे जमलेले साचे, त्यांचे नमुने आणि हाताचे कसब. अग्निविम्याच्या भाषेत साचा हा वगळलेल्या यादीतला, नमुना वगळलेल्या यादीतला आणि कसब तर विम्याचा विषयच नव्हे. भरपाईयोग्य म्हणून उरते ते पोलादाचे वजन आणि हत्यारांची घसारा वजा केलेली किंमत. दागिन्यांच्या व्यापाऱ्यासाठी ‘ज्वेलर्स ब्लॉक’ नावाची स्वतंत्र पॉलिसी होती, जिच्यात पेढीतला साठा, कारागिराच्या किंवा हस्तकाच्या ताब्यातला माल आणि वाहतुकीतला माल यांचे वेगवेगळे विभाग असत. म्हणजे चाचणीसाठी डायमेकरकडे सोपवलेला पत्रा व्यापाऱ्याच्या पॉलिसीत सुरक्षित असू शकत होता, पण त्या पत्र्याला आकार देणारा साचा मात्र उघड्यावर होता. आज संगणकनियंत्रित यंत्रांच्या स्पर्धेने हा उद्योग घेरला असताना एका आगीत किंवा पुरात साच्यांचा संग्रह जाणे म्हणजे त्या कुटुंबासाठी धंदाच संपणे होय.

वारली चित्रकलेचा प्रवास वेगळ्या वाटेने त्याच अडचणीपाशी पोचतो. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी लिहिलेला चौक हा विधीचा भाग होता; तो विकला जात नव्हता आणि म्हणून त्याच्या विम्याचा प्रश्नही नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली, डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्यांना जगभर नेले आणि २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. भिंत सोडताच चित्र हा घरात साठवलेला विक्रीयोग्य माल झाला, पण करारात तो ‘कलाकृती’ ठरला. नंतरच्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत कलाकृतींसाठी १०,००० रुपयांची मर्यादा होती आणि तिच्यापलीकडचे संरक्षण वेगळे नोंदवून घ्यावे लागे. कुडाच्या घरात, चुलीच्या धुरात आणि पावसाळी ओलीत ठेवलेल्या कापडी चित्रांना अशी नोंद करून देणारा विमाप्रतिनिधी पाड्यापर्यंत पोचणे ही दुर्मीळ गोष्ट होती. मानांकनाने नावाचे रक्षण केले, वस्तूचे केले नाही.

मासळी सुकवण्याच्या व्यवसायात प्रश्न वस्तूपेक्षा संकटाच्या व्याख्येचा आहे. बांबूंच्या वलांडीवर टांगलेले बोंबील उघड्या आकाशाखाली असतात आणि अवकाळी पावसाची एक सर त्यांना खराब करण्यास पुरेशी असते. विम्यात मात्र ‘वादळ, चक्रीवादळ, पूर, जलमय होणे’ ही संकटे गणलेली असतात. साधा पाऊस त्यांत येत नाही, आणि इमारतीबाहेरील माल संरक्षित व्हायचा तर तो उघड्यावर आहे हे पॉलिसीत नमूद असावे लागते. होडीचा आणि इंजिनाचा विमा सहकारी संस्था व कर्ज देणाऱ्या संस्था यांच्या आग्रहामुळे रुजू शकला, पण होडी किनाऱ्याला लागल्यानंतर सुरू होणारे स्त्रियांचे काम, म्हणजे मासळी निवडणे, सुकवणे, साठवणे आणि बाजारात नेणे, त्याच संरक्षणाच्या बाहेर राहिले. नुकसान झाले की पंचनामा आणि सरकारी मदतीची प्रतीक्षा एवढाच मार्ग उरत असे. सरकारी मदत ही अनुकंपा असते आणि विम्याचा दावा हा हक्क असतो. हा फरक कोळी स्त्रीच्या जगण्यात फार मोठा आहे.

ज्यांनी विमा काढला त्यांनाही ‘सरासरीच्या कलमा’चा फटका बसे. या कलमानुसार मालमत्तेची खरी किंमत विमा रकमेपेक्षा अधिक असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कमी होते. घरातील यंत्रे व साठा यांची किंमत ४ लाख रुपये असताना विमा केवळ २ लाखांचा असेल आणि नुकसान १ लाखाचे झाले, तर पूर्ण १ लाख न मिळता ५०,००० रुपये मिळतात. हप्ता परवडावा म्हणून रक्कम कमी लिहिणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला हे गणित सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा तज्ज्ञ, दारात आल्यावरच कळे. काम बंद पडल्याने बुडणाऱ्या नफ्याचा विमा उपलब्ध होता, परंतु त्यासाठी मागील वर्षांचे हिशेब दाखवावे लागत, आणि घरखर्च व धंदा यांचा पैसा एकाच डब्यात ठेवणाऱ्या कुटुंबाकडे असे हिशेब नसत.

या परिस्थितीत विमा घरगुती उद्योगांपर्यंत पोचला तो प्रामुख्याने कर्जाच्या मागून. बँकेने शिलाईयंत्र, प्रेस किंवा साठा तारण ठेवून कर्ज दिले की त्या तारणाचा अग्निविमा काढणे ही कर्जाची अट होई आणि पॉलिसीत ‘बँक कलम’ घातले जाई, ज्यामुळे भरपाई प्रथम बँकेकडे जात असे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेने अशा छोट्या कर्जांची संख्या वाढवली. तथापि बँकेला चिंता कर्जाऊ वस्तूची होती. कर्जाविना जमवलेली हत्यारे, जुने साचे आणि घराची भिंत पॉलिसीत नसत, आणि कर्ज फिटले की पॉलिसीचे नूतनीकरणही अनेकदा थांबे.

पालघरच्या बाबतीत या सर्व प्रश्नांवर आणखी एक थर चढतो तो शेजारच्या मोठ्या उद्योगांचा. तारापूर अणुवीज केंद्राने ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली, आणि त्याच परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक, औषधी, पोलाद व कापड कारखान्यांची वसाहत विस्तारली. भारतातील मालमत्ताविम्याच्या पॉलिसींत किरणोत्सर्गामुळे किंवा अणुइंधनाच्या दूषणामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. इतरत्र वाचलेही न जाणारे हे कलम तारापूर, चिंचणी, घिवली येथील घरांसाठी प्रत्यक्ष अर्थाचे आहे. केंद्र सुरू झाल्यापासून चार दशके अणुहानीच्या दायित्वाचा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. २०१० च्या कायद्याने केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे दायित्व १,५०० कोटी रुपये ठरवले, मालमत्तेची हानी व आर्थिक नुकसान यांचा भरपाईत समावेश केला आणि २०१५ मध्ये जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या पुढाकाराने तितक्याच क्षमतेचा अणुविमा निधी उभा राहिला. रासायनिक अपघातांबाबत भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला आणि घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यांना शेजाऱ्यांसाठी विमा काढणे सक्तीचे झाले. पण मूळ कायद्याच्या अनुसूचीत खाजगी मालमत्तेच्या तातडीच्या भरपाईची कमाल मर्यादा ६,००० रुपये होती. मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये तारापूर-बोईसर परिसरात झालेल्या स्फोटांचे हादरे दूरवरच्या घरांना जाणवले. अशा स्फोटात घरातली यंत्रे बिघडली तर त्या मर्यादेतील तातडीच्या रकमेवर धंदा पुन्हा उभा राहणे अशक्य होते, आणि पुढची वाट न्यायालयाची होती.

सुधारणेची दिशा प्रथम विमा कंपन्यांनी नव्हे तर कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने दाखवली. शेजारच्या गुजरातेत ‘सेवा’ या संघटनेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत आयुर्विमा व आजारपण यांच्या जोडीला घर आणि कामाची साधने यांचे नुकसान एकाच हप्त्यात बांधले गेले. घरातच काम करणाऱ्या बाईचे नुकसान वेगवेगळ्या पॉलिसींत तोडता येत नाही, हे या योजनेने मान्य केले. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाल्यानंतर २००५ मध्ये सूक्ष्म विम्याचे नियम आले. त्यांत झोपडी, पशुधन किंवा अवजारे यांच्यासाठी ५,००० ते ३०,००० रुपयांची पॉलिसी देण्याची तरतूद होती. रक्कम तुटपुंजी होती, पण कारागिराचे हत्यार ही विम्याच्या नियमांत नाव घेऊन उल्लेखलेली वस्तू झाली, आणि २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने ‘घरून काम करणारा कामगार’ या वर्गाची व्याख्या केली. घरून काम करणाऱ्या कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही.

१ एप्रिल २०२१ हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार त्या दिवसापासून सर्व कंपन्यांना तीन प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले : राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. भूकंपाचे संरक्षण पूर्वी जादा हप्ता भरून वेगळे घ्यावे लागे. नव्या पॉलिसींत ते अंगभूत झाले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, भूकंपाचे धक्के वारंवार बसत असल्याने येथील घरांना या बदलाचे मोल अधिक आहे. सूक्ष्म उद्योगांसाठी विमा रकमेतील १५ टक्क्यांपर्यंतची तूट सरासरीच्या कलमातून माफ झाली आणि घरासाठी ते कलम लागूच राहिले नाही. अवघ्या दीड महिन्यात, मे २०२१ च्या मध्याला, तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले आणि प्रमाणित संरक्षणाची गरज अधोरेखित झाली.

तरीही जुनी सीमारेषा पूर्णपणे पुसली गेलेली नाही. ‘गृह रक्षा’ घरातील सामान म्हणून घरगुती वापराच्या वस्तू मोजते, म्हणून विक्रीचा साठा आणि धंद्याची यंत्रे यांच्यासाठी ‘सूक्ष्म उद्यम’ पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. सोन्याची लगड, आराखडे यांसारख्या वस्तू पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशीलपत्रात, स्पष्ट नोंदवल्याशिवाय संरक्षित होत नाहीत. आणि अणुहानी वगळलेलीच आहे. शिवाय मालमत्तेपलीकडचे दायित्वही वाढले आहे. डबे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या घरांना २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक झाली, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकली. बोईसरमध्ये कामगारांना डबा पुरवणारी गृहिणी कायद्याच्या दृष्टीने आता उत्पादक आहे, मग तिच्या घरावर पाटी असो वा नसो. या जबाबदारीचा विमा अग्निविम्यात नसतो, तो स्वतंत्र काढावा लागतो.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पालघरचे घरगुती व्यावसायिक विम्यापासून दूर राहिले ते केवळ अज्ञानामुळे किंवा दारिद्र्यामुळे नव्हे; त्यांच्या मालमत्तेला आपलीशी म्हणणारा करारच दीर्घकाळ लिहिला गेला नव्हता. २०२१ च्या पॉलिसींनी करार दिला आहे, पण तो अंमलात आणण्यासाठी साच्यांची छायाचित्रांसह यादी, चित्रांच्या नोंदी, उघड्यावरील मालाचा उल्लेख, दुसऱ्याच्या मालाची वेगळी नोंद आणि घरातील धंद्याची प्रामाणिक माहिती या गोष्टी पॉलिसी घेतानाच व्हाव्या लागतात. हे काम एकेकट्या कुटुंबाने करणे अवघड आहे, आणि म्हणूनच मच्छीमार सहकारी संस्था, महिला बचत गट, डायमेकरांच्या व चित्रकारांच्या संघटना यांनी ते सामूहिकरीत्या हाती घेतले पाहिजे आणि विमा कंपन्यांकडून या व्यवसायांना साजेशी शेड्यूल मागून घेतली पाहिजेत. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या देशाचे दागिने घडवले, मासळी टिकवली आणि आपल्या भिंतींवरची कला जगाला दिली, त्या घरांना नुकसानीनंतर मदतीची याचना न करता हक्काने भरपाई मागता यावी, एवढा न्याय त्यांना मिळालाच पाहिजे.